सिंफनी चालू असताना टाळ्या, खोकला, शांतता: वादकांपर्यंत काय पोचतं?

केतकीवन

परवा मुंबईत रशियन संगीतकार चायकोव्स्कीची सहावी सिंफनी (पूर्ण ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) ऐकली, 'पॅथेटिक' नावाने ओळखतात ती. ज्यांनी ऐकली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार भाग आहेत, त्यांना मूव्हमेंट म्हणतात. तिसरा भाग वेगवान मार्चसारखा आहे. तो चढत जातो, शेवटी ब्रास (पितळी फुंकवाद्यं), टिंपनी (मोठे नगारे), झांजा सगळे एकदम कोसळतात आणि कुणालाही वाटावं की संपली सिंफनी. टाळ्यांचा कडकडाट झाला. लगेच मागच्या रांगांतून 'श्श, श्श' सुरू झालं. माझ्या शेजारी एक आजोबा नातीला घेऊन आले होते. दोघंही मनापासून टाळ्या वाजवत होती. 'श्श' ऐकल्यावर नातीने हात मांडीखाली घातले आणि पुढचा सगळा भाग ती कार्यक्रमपत्रिकेत बघत बसली.

म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की त्या टाळ्या चुकीच्या नव्हत्या. मूव्हमेंटच्या मधे गप्प बसायचं हा नियम आपण समजतो तेवढा जुना नाही, आणि ज्यांनी हे संगीत लिहिलं त्यातल्या बऱ्याच जणांना तो ठाऊकच नव्हता. मोझार्टची 'पॅरिस' सिंफनी १८ जून १७७८ ला पॅरिसमध्ये पहिल्यांदा वाजली. त्याने ३ जुलैला वडिलांना पत्र लिहिलं. पहिल्या भागाच्या मध्यावर एक जागा लोकांना आवडणार हे त्याला लिहितानाच माहीत होतं, आणि तिथे संगीत चालू असतानाच टाळ्या पडल्या. तीच जागा त्याने शेवटी पुन्हा आणली होती, तिथेही पडल्या. शेवटच्या भागात त्याने मुद्दाम फक्त व्हायोलिन्सवर आठ मात्रागट हलक्या आवाजात ठेवले. श्रोते एकमेकांना 'श्श' करून कान देऊ लागले, आणि मग सगळा ऑर्केस्ट्रा जोरात आला तशा टाळ्या उसळल्या. हे सगळं तो खूश होऊन लिहितोय. (त्याच दिवशी त्याची आई पॅरिसमध्येच वारली होती आणि त्या पत्रात त्याने वडिलांना फक्त ती फार आजारी आहे एवढंच कळवलं. ते पत्र वाचताना हे विसरता येत नाही.)

म्हणजे तेव्हाही 'श्श' होतं, पण ऐकायची ओढ म्हणून. शेजाऱ्याला खाली बघायला लावण्यासाठी नव्हतं.

दुसरी गोष्ट ब्राम्सची. जानेवारी १८५९, लाइपझिगचं गेवांडहाउस सभागृह. पंचविशीतला ब्राम्स स्वतःचा पहिला पियानो कॉन्चेर्टो (एक मुख्य वादक आणि त्याच्यासोबत ऑर्केस्ट्रा अशी रचना) वाजवतोय. दुसऱ्या दिवशी मित्राला, व्हायोलिनवादक योआखिमला, त्याने कळवलं की पहिला आणि दुसरा भाग लोकांनी कसलीही हालचाल न करता ऐकला, शेवटी दोन-चार हात टाळीसाठी हळूच उठले तेवढ्यात चहूबाजूंनी हिस्स सुरू झालं. त्या काळात मधल्या भागांनंतर शांतता मिळाली म्हणजे पडलं असं समजायचे! आज तीच शांतता आदर म्हणून मोजतो आपण.

तर प्रश्न दोन. तुम्ही टाळ्या कधी वाजवता? आणि जे वाजवणारे आहेत त्यांना: आमचं तिथे बसणं तुमच्यापर्यंत पोचतं का?

दक्षिणवारा

चांगला धागा, पण मी असहमत. नेमक्या 'पॅथेटिक'च्याच बाबतीत असहमत.

चौथा भाग हा मृत्यूचा आहे. तिसऱ्याच्या दणक्यानंतर लगेच व्हायोलिन्सचा तो आक्रोश यायला हवा. मधे वीस-तीस सेकंद टाळ्या पडल्या की तो घाव बोथट होतो. वादकांचंही लक्ष मोडतं. मोझार्टच्या पॅरिसमधले लोक गप्पा मारत, उशिरा येत, मधेच उठत. तेही परत आणायचं का? शांत बसून सलग ऐकायची सवय लागली म्हणून माहलर, ब्रुकनर या संगीतकारांच्या तास-सव्वा तासाच्या रचना नीट ऐकता येऊ लागल्या. मला ती सवय हरवायला नको आहे.

श्श करणाऱ्यांचं समर्थन करत नाही. त्या मुलीचं वाईट वाटलं.

केतकीवन

दक्षिणवारा, सलग ऐकण्याबद्दल मान्य. पण चायकोव्स्की १८९३ मध्ये लिहीत होता, लोक मधे टाळ्या वाजवतात हे त्याला पक्कं माहीत होतं. असं असताना तो तिसरा भाग इतका खोटा शेवट करून संपवतो आणि मग चौथा आणतो. मला वाटतं टाळ्या त्याने हिशेबात धरल्या होत्या. लोक आनंदाने हात वाजवत असताना त्यांच्या अंगावर तो विलाप येतो. २८ ऑक्टोबर १८९३ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याने स्वतः ती पहिल्यांदा कंडक्ट केली (म्हणजे समोर उभं राहून हातांनी ऑर्केस्ट्रा चालवला) आणि नऊ दिवसांनी तो गेला. पहिल्या प्रयोगात लोक गोंधळले होते. मृत्यूनंतर नोव्हेंबरमध्ये नाप्राव्हनिक या कंडक्टरने पुन्हा केली तेव्हा तीच सिंफनी लोकांना भिडली.

आणि तो आक्रोश म्हणालात त्यातली एक गंमत सांगते, मला फार प्रिय आहे. चौथ्या भागाची सुरुवातीची चाल पहिल्या व्हायोलिन्सच्या पानावर नाही आणि दुसऱ्यांच्याही नाही. एक सूर इकडे, पुढचा तिकडे असा वाटून दिला आहे. स्टेजवरच्या एकाही वादकाच्या हातात ती चाल पूर्ण नसते. ती जुळते ती आपल्या कानात.

आडताल

मी पुण्याचा, तबला शिकतो, सवाई गंधर्वला शेवटपर्यंत बसणाऱ्यांपैकी. सिंफनीचा अनुभव कमी. पण हा विषय वाचून राहवलं नाही.

आपल्याकडे दाद हा मैफिलीचाच भाग आहे. गायक समेवर येतो, पुढच्या रांगेतला कुणी 'क्या बात है' म्हणतो, आणि पुढचं आवर्तन त्या दादेवर उभं राहतं. दाद मिळाली की तीच जागा तो वेगळ्या अंगाने पुन्हा घेतो. नाही मिळाली तर रस्ता बदलतो. तबलजीचा तर अर्धा कार्यक्रम समोरच्याच्या डोळ्यांत बघून ठरतो.

झाकीरभाईंचा 'पेश्कार' कॉन्चेर्टो सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने २०१५ मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात पहिल्यांदा सादर केला, पुढे २०१९ च्या ब्रिटन दौऱ्यातही नेला. मी रेकॉर्डिंगवर ऐकला. सबंध वेळ माझी मान हलत होती आणि तिहाईला हात आपोआप उठत होता, आणि मनात येत होतं की सभागृहात असतो तर हे करता आलं असतं का?

माझा खरा प्रश्न असा: सिंफनीत प्रत्येक सूर कागदावर लिहिलेला. मग श्रोत्यांचा परिणाम होऊन बदलणार काय?

व्हायोलामडगाव

आडताल, फार नेमका प्रश्न विचारलात. मी व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) वाजवते, हौशी आणि अर्धव्यावसायिक ऑर्केस्ट्रांमधून. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून व्हायोलिन आणि सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) शिकवत आले, माझ्या आजोबांपर्यंत तिथूनच आलं आणि त्यांच्याकडून माझ्याकडे. सवडीने लिहिते.

सूर कागदावर असतात. पण 'हलक्या आवाजात' म्हणजे किती हलक्या, विराम म्हणजे किती लांब, वेग कमी करत जायचा तर कुठपर्यंत, हे कागदावर नसतं. ते त्या संध्याकाळी ठरतं आणि त्यात तुमचा वाटा असतो. सभागृह खरंच ऐकत असेल तर कंडक्टर विराम ताणतो. आम्हाला पाठीमागून कळतं, तो ताणतोय कारण ताणता येतंय. खोकल्यांची साथ चालू असेल तर तो पुढे जातो. अतिशय हळू वाजवायच्या जागी आम्ही धनुष्याचे चार केस तारेवर ठेवतो, त्याहून खाली जाता येतं की नाही हे पूर्णपणे समोरच्या शांततेवर अवलंबून. तुम्ही स्थिर बसलात तर आमची हिंमत वाढते. त्याच कागदावरून, त्याच लोकांनी, सकाळच्या तालमीत वाजवलेलं आणि रात्री वाजवलेलं एक नसतं.

त्यातही निव्वळ भौतिक बाजू आहे. तालमीला खुर्च्या रिकाम्या असतात, आवाज घुमतो. रात्री माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषून घेतात, सगळं कोरडं ऐकू येतं. पहिल्या पाच मिनिटांत पूर्ण ऑर्केस्ट्रा आपापलं वाजवणं त्याला जुळवून घेत असतो. शिवाय आवाजाला वेळ लागतो. मागच्या ब्रासपासून पुढच्या व्हायोलिनपर्यंत पंधरा मीटर धरले तर साधारण ४४ मिलिसेकंद. मागचे लोक कानाने ऐकून वाजवायला लागले तर ते उशिराच येणार, म्हणून ते पुढच्यांची धनुष्यं बघून वाजवतात. कॉन्सर्टमास्टरचा, म्हणजे व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवरच्या मुख्य वादकाचा, खांदा आणि श्वास हे आमचं दुसरं घड्याळ. सुरू करण्याआधी सगळे स्ट्रिंग्जवाले (धनुष्याने तंतुवाद्यं वाजवणारे) एकत्र श्वास घेतात, पुढच्या रांगेत बसलात तर ऐकू येईल.

आता आमची दाद. एखाद्या बासरीवाल्याने किंवा ओबोवाल्याने (ओबो हे सनईसारखं वाद्य) एकट्याची जागा सुंदर घेतली तर शेजारचे वादक हात अडकलेले असल्याने पाय जमिनीवर हळूच घासतात. श्रोत्यांना कळतही नाही. सोलोइस्टसाठी, म्हणजे पुढे एकट्याने वाजवणाऱ्या पाहुण्या वादकासाठी, शेवटी आम्ही धनुष्य स्टँडवर हलके आपटतो, ती आमची टाळी. कंडक्टर एकेकाला उभं करतो तेव्हा बघा, कुणासाठी आमच्यातल्यांचे पाय जास्त वाजतात. आणि कधीतरी कंडक्टर सगळ्यांना उभं राहा म्हणतो आणि ऑर्केस्ट्रा बसूनच राहतो, पाय वाजवत. त्याला एकट्याला टाळ्या घेऊ देतो. एवढा मान आम्ही सहज देत नाही.

मधल्या टाळ्यांचं विचाराल तर मला त्यांचा कधीच त्रास झाला नाही. त्रास होतो तो गोळीचं वेष्टन 'आवाज नको' म्हणून सावकाश सोलणाऱ्यांचा. एकदाच ओढून काढा!

अनघड

वेष्टनाबद्दल हजार अनुमोदन.

रानजाई

मी बर्लिनला असते. इथल्या फिलहार्मोनीत (हान्स शारूनची इमारत, १९६३) ऑर्केस्ट्रा मधे आणि लोक चारी बाजूंनी. मी शक्यतो ऑर्केस्ट्राच्या मागची तिकिटं काढते. आवाजाचा तोल तिथे बरोबर नसतो, टिंपनी कानात बसतात, पण कंडक्टरचा चेहरा दिसतो आणि सगळं ऐकणंच बदलतं. हात ताल देत असतात त्या वेळी डोळे पुढच्या वादकाला आधीच सांगत असतात की तू येणार आहेस. अमेरिकन कंडक्टर आणि संगीतकार बर्नस्टाइनचा व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरचा एक व्हिडिओ आहे, हायडनच्या ८८ व्या सिंफनीचा शेवटचा भाग. लोकांच्या टाळ्यांनंतर तो तोच भाग पुन्हा करवतो, आणि या वेळी हात खाली सोडून, नुसत्या भुवया आणि ओठांवर. ऑर्केस्ट्रा तसूभर हलत नाही. जरूर बघा.

आडताल यांनी विचारलंय म्हणून एका संशोधनाबद्दल सांगते. २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, बर्लिनमधल्या प्रत्यक्ष मैफिलींत १३२ श्रोत्यांच्या अंगावर सेन्सर लावून केलेला. पूर्ण ऑर्केस्ट्रा नव्हता, स्ट्रिंग क्विंटेट (पाच तंतुवाद्यांचा संच) होतं: बेटहोव्हन, ब्रेट डीन आणि ब्राम्स. हृदयाचे ठोके, श्वासाचा वेग, त्वचेवरचा घाम, या सगळ्यांत अनोळखी माणसांमधे मेळ दिसला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, बोलत नव्हतं. त्यामुळे गप्प बसलेले लोक प्रतिसादच देत नाहीत असं मी तरी मानणार नाही.

टाळ्यांवरही काम झालंय. पूर्व युरोपात शेवटी सगळे एका तालात टाळ्या वाजवतात. २००० मध्ये 'नेचर'मध्ये नेडा आणि सहकाऱ्यांनी त्याचं मोजमाप दिलं. एका तालात येताना प्रत्येक जण आपला वेग जवळपास निम्म्यावर आणतो. पण वेग निम्मा झाला की एकूण आवाज कमी होतो, मग लोकांना अजून जोरात वाजवावंसं वाटतं, वेग वाढतो, ताल मोडतो. पुन्हा जुळतो, पुन्हा मोडतो. बुडापेस्टला मी हे अनुभवलं आहे. तालात आलेल्या टाळ्यांनी वादक हसायला लागतात.

आडताल

निम्मा वेग म्हणजे ठाय-दुगुणच की. व्हायोलामडगाव ताई, पाय घासण्याचं वाचून फार बरं वाटलं. आपला सारंगीवाला मान हलवतो त्याच जातीचं.

नानाकुलाबा

मी सत्तरी पार केलेला माणूस. थोडं जुनं सांगतो.

मुंबईला हे संगीत नवं नाही. जगप्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहता यांचे वडील मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा १९३५ साली काढला. त्यात गोव्याचे ख्रिश्चन वादक मोठ्या संख्येने असत, आणि हीच मंडळी दिवसा ताडदेव-दादरच्या स्टुडिओंत हिंदी सिनेमाची गाणी वाजवत. अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. त्यांनी १९५८ मध्ये स्वतःचा इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, लताबाई आणि मन्ना डे यांना घेऊन झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला. तो फार टिकला नाही, पण आपल्या रागांना सिंफनीच्या घाटात बसवायची धडपड त्यात होती. आज सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून चालू आहे आणि झुबिनने २०२३ च्या ऑगस्टमध्ये एनसीपीएत तो कंडक्ट केला. हे बघायला मेहली असते तर, असं माझ्या वयाच्या माणसाच्या मनात येणारच.

आता टाळ्या. आमच्या घरात आई-वडील संगीत नाटकांचे वेडे. बालगंधर्वांच्या पदाला 'वन्समोअर' पडायचा, पुन्हा पडायचा, नाटक पहाटेपर्यंत लांबायचं, तेव्हा कुणी म्हणत नसे की कथानकाचा घाव बोथट झाला. युरोपातही हेच होतं. ८ डिसेंबर १८१३ ला व्हिएन्नात बेटहोव्हनची सातवी सिंफनी पहिल्यांदा वाजली, हानाउच्या लढाईतल्या जखमी सैनिकांसाठीचा कार्यक्रम होता. दुसरा भाग लोकांनी तिथेच पुन्हा वाजवून घेतला. सरळ वन्समोअर! आणि ७ मे १८२४ ला नववी झाली तेव्हा बेटहोव्हनला काहीच ऐकू येत नव्हतं. तो स्वरलिपीत मान घालून उभा, मागे लोक बेभान. गायिका कारोलीन उंगरने त्याला खांद्याला धरून लोकांकडे वळवलं. लोकांनीही मग रुमाल आणि टोप्या हवेत उडवल्या, त्याला टाळ्या दिसाव्यात म्हणून. सभ्यपणा म्हणजे काय हे त्या लोकांना आपल्यापेक्षा कमी कळत नव्हतं.

दक्षिणवारा

नाना, नतमस्तक. तरीही माझ्या बाजूने एक नोंद करतो, कारण शांततेची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

नियम वरून लादला गेला असं चित्र होतंय. तसं नाही. मेंडेल्सोहनने आपल्या 'स्कॉटिश' सिंफनीचे भाग न थांबता सलग वाजवावेत असं स्वतः सांगितलं. त्याच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोत पहिला भाग संपताना बॅसून हे फुंकवाद्य एक सूर धरून ठेवतं, आणि त्यावरून दुसरा भाग उगवतो. टाळीला फटच नाही. शूमानलाही टाळ्या खटकायच्या. पुढे फिलाडेल्फियात कंडक्टर स्टोकोव्स्कीने १९२० च्या दशकाच्या अखेरीस मधल्या टाळ्या थांबवायचा आग्रह धरला, रेडिओ आणि रेकॉर्डमुळे घरी सलग ऐकायची सवय लागली. संगीतकारांची, कंडक्टरांची ही इच्छा होती.

आणि शांततेने काय साधतं त्याचं उदाहरण म्हणजे कंडक्टर आबाडोचा लुसर्नमधला २०१० चा माहलर नऊ, म्हणजे माहलरची नववी सिंफनी. शेवटचे सूर विरतात, आबाडो हात खाली घेत नाही, आणि जवळजवळ दोन मिनिटं सबंध सभागृहात कुणी टाळी वाजवत नाही. त्याचं चित्रीकरण आहे. शेवटी टाळ्या आल्यावर मला दर वेळी त्यांचा राग येतो. ती दोन मिनिटं वाजवणाऱ्यांची जेवढी आहेत तेवढीच ऐकणाऱ्यांची. एकाने जरी 'ब्राव्हो' ओरडलं असतं तर गेली असती.

त्याच सिंफनीचं उलटं उदाहरण न्यूयॉर्कचं, १० जानेवारी २०१२. शेवटच्या भागात पहिल्या रांगेत फोन वाजत राहिला, थांबेचना. कंडक्टर ॲलन गिल्बर्टने ऑर्केस्ट्रा थांबवला आणि त्या माणसाकडे वळून फोन बंद होईपर्यंत वाट पाहिली. नंतर कळलं की फोन नवा होता आणि त्याने न लावलेला गजर वाजत होता. माणूस बिचारा हादरून गेला होता, त्याने गिल्बर्टची माफीही मागितली.

केतकीवन

आबाडोचं उदाहरण देऊन तुम्ही मला अर्धं जिंकलंत. त्या दोन मिनिटांना मी कधीच हात लावणार नाही.

पण बघा ना, ती शांतता कुणी सांगितली म्हणून झाली नाही. लोकांना टाळी वाजवणं शक्यच झालं नाही. तिसऱ्या भागानंतर त्या मुलीला टाळी न वाजवणं शक्य नव्हतं. दोन्ही ठिकाणी माणूस संगीताकडेच बघत होता. मला भांडायचं आहे ते फक्त शेजाऱ्याकडे बघून ठरवण्याशी, मग ते टाळी वाजवणं असो की गप्प बसणं. शेवटचा सूर नीट विझायच्या आत 'मला माहीत आहे इथे संपतं' असं दाखवायला ब्राव्हो ओरडणाऱ्यांचा मलाही तुमच्याइतकाच संताप येतो.

व्हायोलामडगाव

ब्राव्होवाल्यांबद्दल पूर्ण सहमत. स्टेजवर तर ते थोबाडीत मारल्यासारखं लागतं. आमची धनुष्यं अजून हवेत असतात. धनुष्य हवेत असेपर्यंत, कंडक्टरचे हात वर असेपर्यंत संगीत चालू आहे असं समजा. नवख्याला याहून वेगळा नियम पाठ करायची गरज नाही.

वादकांच्या बाजूची एक गोष्ट राहिली, कारण इथे सगळं श्रोत्यांच्या वागण्यावर चाललंय. १९८६ च्या जुलैमध्ये अमेरिकेत टँगलवूडला व्हायोलिनवादक मिदोरी, वय १४, बर्नस्टाइनची 'सेरेनेड' वाजवत होती, कंडक्टर स्वतः बर्नस्टाइन. दमट रात्र, शेवटच्या भागात ई तार तुटली. तिने एका क्षणात कॉन्सर्टमास्टरकडे वळून त्याचं व्हायोलिन घेतलं आणि पुढे चालू. तिचं स्वतःचं आकाराने किंचित लहान होतं, म्हणजे बोटांची अंतरं बदलली. थोड्या वेळाने त्याचीही तार तुटली! मग सहायक कॉन्सर्टमास्टरचं घेतलं. एकही सूर सुटला नाही. शेवटी श्रोते आणि ऑर्केस्ट्रा दोघेही वेडे झाले, बर्नस्टाइनने तिला मिठी मारली.

लोक त्या मुलीचं कौतुक करतात, ते योग्यच. मी त्या व्हिडिओत नेहमी कॉन्सर्टमास्टरकडे बघते. त्याला विचारावं लागत नाही. ती वळायच्या आत व्हायोलिन पुढे येतं, तो तिचं तुटलेलं हातात घेतो, मागच्यांशी अदलाबदल होते, आणि बाकीचा ऑर्केस्ट्रा एक मात्राही हलत नाही. अशा रात्री सोडून दिल्या तरी आम्ही आयुष्यभर त्याचाच सराव करत असतो: आपलं वाजवताना शेजारच्याचं ऐकायचं.

रानजाई

आणि व्हायोलिनवादक इसाक स्टर्न, २३ फेब्रुवारी १९९१, जेरुसलेम. आखाती युद्ध, इस्रायल फिलहार्मोनिक, कंडक्टर झुबिन मेहता. भोंगा वाजला, ऑर्केस्ट्रा स्टेजवरून गेला, लोकांनी गॅस मास्क चढवले. स्टर्न एकटा परत आला, मास्क न घालता, आणि एकट्या व्हायोलिनसाठीच्या बाखच्या डी मायनर पार्टिटामधला साराबांद हा संथ भाग वाजवला. समोर मास्क लावलेले शेकडो चेहरे. अशा वेळी कोण कुणाला धीर देत होतं सांगता येणार नाही.

अनघड

सगळा धागा एका बैठकीत वाचला. आता माझा साधा प्रश्न. मुलगी आठ वर्षांची आहे, व्हायोलिन नुकतंच सुरू केलंय. तिला घेऊन जायचंय. कपडे कसे? मधे खोकला आला तर? आणि ती मधेच टाळ्या वाजवेल याची मला आता भीती वाटायला लागली आहे.

व्हायोलामडगाव

कपडे नीटनेटके असले की झालं. खोकल्याची गोळी वेष्टन काढून रुमालात ठेवा. खोकला आलाच तर मोठ्या आवाजाच्या जागी उरकून घ्या, टिंपनी वाजत असताना कुणाला पत्ता लागत नाही. उशीर करू नका, दारं बंद होतात आणि पहिला भाग संपेपर्यंत बाहेर थांबावं लागतं. लवकर गेलात तर ओबो सूर देतो आणि सगळे त्याला जुळवून घेतात ते तिला दाखवा, व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांना ते फार आवडतं. जागा शक्यतो वरच्या बाल्कनीत घ्या, तिथून सगळी वाद्यं दिसतात.

टाळ्या वाजवल्या तर वाजवू दे. स्टेजवरून आम्हाला लहान हातांच्या टाळ्या वेगळ्या ओळखू येतात.

दक्षिणवारा

अनघड, तिच्यासाठी हायडन शोधा. ४५ वी, 'फेअरवेल'. १७७२ मध्ये हायडनचा मालक, राजपुत्र एस्टरहाझी, आपल्या वादकांना घरी जाऊ देत नव्हता, तर शेवटच्या संथ भागात एकेक वादक आपलं वाजवणं संपवून, मेणबत्ती विझवून उठून जातो. शेवटी दोन व्हायोलिन्स उरतात. मुलांना गोष्टीसारखी समजते. आणि ९० वी, जिच्यात शेवट झाला असं वाटून लोक टाळ्या वाजवतात आणि संगीत पुन्हा सुरू होतं. तिथे टाळ्या वाजवल्याच पाहिजेत, नाही तर हायडनचा डाव फुकट जातो. एवढं मीही मान्य करतो.

नानाकुलाबा

त्याआधी घरी बसून व्हिएन्नाचा नववर्षाचा कार्यक्रम दाखवा. आपल्या झुबिनने तो पाच वेळा केला आहे, शेवटचा २०१५ साली. 'ब्लू डॅन्यूब'चे पहिले सूर आले की लोक टाळ्या वाजवून ऑर्केस्ट्राला थांबवतात, कारण त्या वेळी कंडक्टर आणि वादक नववर्षाच्या शुभेच्छा देतात. आणि शेवटच्या राडेट्स्की मार्चला कंडक्टर ऑर्केस्ट्राकडे पाठ करून लोकांकडे तोंड करतो आणि टाळ्याच कंडक्ट करतो. आता हळू, आता थांबा, आता जोरात. कुठे वाजवायच्या आणि कुठे नाही हे तिला तिथे तीन-चार मिनिटांत कळेल.

अनघड

नाना, दक्षिणवारा, व्हायोलामडगाव ताई, मनापासून आभार. राडेट्स्की लगेच लावला. पोरगी दुसऱ्यांदा बघते आहे आणि 'हळू' म्हटल्यावर खरंच हळू वाजवते आहे. तिकिटांचं बघते आता.